एका बोटाचा सांधा बदलला, दुसऱ्याचं अजून ठरत नाही

गुडघा बदललेली माणसं हल्ली दर दोन घरांआड भेटतात. आमच्या राजेंद्र नगरात सकाळी फिरायला निघालं की नव्या गुडघ्यांच्या तीन-चार जणी दिसतात आणि कुठला डॉक्टर, किती खर्च, मांडी घालता येते की नाही, हे सगळं न विचारता सांगतात. बोटाचा सांधा बदललेलं माणूस मात्र मला इंदुरात शोधूनही सापडलं नाही. वाचायला मिळालं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर तेल विकणाऱ्यांचं. म्हणून माझ्या बाबतीत जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. माझ्या उजव्या अनामिकेचा मधला सांधा २०२५ च्या जानेवारीत बदलला. ऑपरेशनला तासाच्या वर थोडा वेळ लागला. ते करायचं की नाही हे ठरवायला मात्र वर्ष गेलं, आणि सांगण्यासारखं बरंचसं त्या वर्षातलंच आहे.

मी २०२१ मध्ये बँकेतून निवृत्त झाले. पुढच्याच पावसाळ्यात अनामिकेचं मधलं पेर सुजलं. आधी वाटलं, कुठेतरी आपटलं असेल. महिनाभरात अंगठी पेराच्या खाली अडकून बसली. साबण लावून, दोरा गुंडाळून, सगळं करून झालं. शेवटी सराफ्यात जाऊन कापून घेतली. सोनारानं छोट्या चक्रीनं दोन मिनिटांत काम केलं, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "माँजी, उँगली सूजने लगे तो अंगूठी पहले ही उतार दिया करो." पेरं दुखायला लागलेल्या सगळ्यांना हेच सांगते. अंगठ्या आजच काढा, सोनं कुठे जात नाही.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड, आणि आमवात किंवा सूज आहे का ते दाखवणाऱ्या आर.ए. फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या चाचण्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आमवात नाही, सांध्यांची झीज. हा फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्या, कारण पुढची वाट तिथेच फुटते. आमवात असेल तर आधी औषधांनी आजार आवरायचा असतो, त्यासाठी सांधेवाताचा तज्ज्ञ म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट लागतो, आणि त्यात बहुतेकदा मुठीचे मोठे सांधे बिघडतात. झीजेत बोटांच्या टोकाचे आणि मधले सांधे जातात, अंगठ्याचं मूळ जातं. टोकाच्या पेरांवर येणाऱ्या गाठींना हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरचं नाव आहे आणि मधल्या पेरांवरच्यांना बूशार या फ्रेंच डॉक्टरचं. माझ्या आईच्या हाताला दोन्ही होत्या. तिनं त्यांना कधी नाव दिलं नाही, औषधही घेतलं नाही. शेवटची दहा वर्षं भाकरी थापायची तेवढी सोडली.

२०२३ हे वर्ष मेणात गेलं. अन्नपूर्णा रोडवरच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये वॅक्स बाथ घेत होते. पन्नास अंशांच्या आसपास तापवलेल्या पातळ मेणात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, थर चढले की प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून बसायचं. एका वेळचे अडीचशे रुपये. हात मोकळा व्हायचा, दुपारपर्यंत टिकायचं. मग मेण वितळवायचं यंत्रच घरी आणलं; ते अजून आहे आणि थंडीत आम्ही दोघंही वापरतो. दुखीच्या गोळ्या बीपीमुळे मोजूनच मिळत होत्या, वरून लावायचं जेल त्यापेक्षा बरं. दसऱ्याच्या आधी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. बोटाच्या सांध्यात सुई जाते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं, हे कोणी आधी सांगत नाही. पण दिवाळीचा फराळ त्या जोरावर झाला. चकलीचा सोऱ्या मात्र ह्यांनीच फिरवला.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. तोवर तर्जनीचं मधलं पेरही बिघडलं होतं आणि बोट सपाट होत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी गेले तर यंत्र ठसा घेईना. मागे रांग. काउंटरवरचा मुलगा म्हणे, "दूसरी उँगली लगाओ, तीसरी लगाओ." मी जिवंत आहे हे सिद्ध करायला माझ्या हाताला वेळ लागला. शेवटी मुलीनं फोनवरून जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखण्याच्या ॲपचं सांगितलं आणि घरी बसून पाच मिनिटांत दाखला निघाला. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांनी रांगेत उभंच राहू नये.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझा एक चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. बँकेत आयुष्य काढलं ते लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून बघण्यात, त्यामुळे चेक परत पाठवणाऱ्या मुलीचा रागही धड करता येईना. तिच्या जागी मी असते तर मीही परत पाठवला असता. नव्या नमुना सहीचा फॉर्म घेतला, आधार, पॅन, फोटो जोडला. सारख्या तीन सह्या करायच्या होत्या. तिन्ही तीन तऱ्हेच्या आल्या. त्या दिवशी घरी येऊन ह्यांना म्हटलं, आता सर्जनला दाखवू.

पहिले सर्जन गुडघ्यांसाठी नावाजलेले. एक्स-रे बघितला, हाडाला हाड लागलं आहे म्हणाले, आणि हसले, "आंटी, इतनी-सी उँगली में क्या रिप्लेसमेंट? आदत डाल लीजिए." सातशे रुपये फी. वाईट वाटलं, पण त्यांचा तो विषय नव्हता, एवढंच. हाताची शस्त्रक्रिया ही वेगळी शाखा आहे आणि आपल्याकडे हँड सर्जन कधी ऑर्थोपेडिकमधून आलेला असतो, कधी प्लास्टिक सर्जरीतून. मी ऑर्थोच्या यादीतच शोधत बसले असते तर सापडले नसते. माझे डॉक्टर प्लास्टिक सर्जन निघाले, हाताचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले. त्यांची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

त्यांनी एक्स-रे आधी बघितलाच नाही. हात टेबलावर ठेवायला सांगितला, एकेक पेर वाकवलं, बाजूला ढकलून बघितलं की सांधा डगमगतो का, मूठ करायला लावली, चिमटीत कागद धरायला लावून तो ओढला. मग विचारलं, "दर्द तो समझ गया। ये बताइए, इस उँगली से आपको काम क्या लेना है?"

मी म्हटलं, सगळंच.

"सब नहीं। लिख के लाइए।"

म्हणजे घरचा अभ्यास. आठवडाभर ओट्याशी एक वही टांगली आणि कुठल्या कामाला कुठलं बोट कळवळतं ते लिहीत गेले. ह्यांना त्याची फार गंमत वाटली. पण वही भरल्यावर मलाच नवल वाटलं. पेन, सुई, गॅसचा लायटर, किल्ली, ब्लाउजचे हुक, मोदकाच्या पाकळ्या, हे सगळं तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीचं काम. लाटणं, ॲक्टिव्हाचा ॲक्सिलरेटर, पिळून काढायचं फडकं, भाजीची पिशवी, बादलीची कडी, जिन्याचा कठडा, हे मुठीचं काम, आणि मुठीचा जोर अनामिका आणि करंगळीच्या बाजूला असतो. दुखत दोन्ही सारखंच होतं, पण दोन बोटांचा धंदा वेगळा होता.

पुढच्या वेळी वही बघून डॉक्टरांनी दोन बोटांसाठी दोन वेगळी उत्तरं दिली. हे मला अपेक्षित नव्हतं. मी धरून चालले होते की बदलायचे तर दोन्ही सांधे, नाहीतर एकही नाही.

बोटात घालतात तो सांधा गुडघ्यासारखा धातूचा नसतो. सिलिकॉनचा एकसंध तुकडा, मध्ये बिजागरी आणि दोन्हीकडे निमुळती शेपटी. झिजलेली हाडाची टोकं काढून त्या शेपट्या दोन्ही हाडांच्या पोकळीत सरकवायच्या. सिमेंट नाही, स्क्रू नाही. पुढच्या आठवड्यांत शरीर त्याच्याभोवती स्वतःचं चिवट आवरण विणतं आणि सांध्याला खरा आधार त्या आवरणाचा. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या डॉ. आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि थोड्याफार फरकानं तीच अजून चालते. पायरोकार्बनचाही (कार्बनचाच एक प्रकार) सांधा मिळतो, तो कडक. त्यातून कधी कधी आवाज येतो आणि तो हाडात सरकू शकतो, म्हणून डॉक्टर त्याच्या बाजूचे नव्हते.

दुसरा उपाय सांधा जखडण्याचा, फ्यूजन. दोन हाडं एका कोनात तारेनं किंवा स्क्रूनं बांधायची, ती एकमेकांत जुळून एक होतात. दुखणं संपतं, वाकणंही संपतं. कायमचं.

तर्जनीला ते जखडणंच सुचवत होते. कारण चिमटीत अंगठा तर्जनीला बाजूनं दाबतो, दिवसातून शेकडो वेळा. सिलिकॉनची बिजागरी पुढे-मागे वाकायला बनलेली, बाजूचा दाब तिला सोसत नाही. बोट हळूहळू तिरकं होतं, बिजागरी तुटते. जखडलेली तर्जनी मात्र खुंटीसारखी भक्कम राहते. अनामिकेला उलट. तिच्यावर बाजूचा दाब कमी आणि तिचं न वाकणं महाग. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांची टोकं वाकवणाऱ्या दोऱ्या कोपराखालच्या एकाच मोठ्या स्नायूतून निघतात, त्यामुळे एक अडकलं की शेजारच्यांचीही मूठ अर्धी राहते. खरं वाटत नसेल तर डाव्या हातानं उजवी अनामिका सरळ धरून ठेवा आणि बाकीची बोटं घट्ट मिटून बघा.

मग त्यांनी स्पष्ट सांगितलेल्या गोष्टी, ज्या मी वहीतच उतरवून घेतल्या. सांधा बदलायचा तो दुखणं घालवायला. बोट आधीपेक्षा जास्त वाकेलच असं नाही. एकूण पन्नास-साठ अंश मिळाले तर खूप. सिलिकॉन वर्षांनी तुटू शकतं, तुटलं तरी दरवेळी दुखतं असं नाही, दुखलं तर पुन्हा बदलावं लागतं. जंतुसंसर्ग झाला तर तुकडा काढावा लागतो. बोट कडक राहू शकतं, आणि ते राहू नये म्हणून तीन महिने व्यायाम करायचा तो मीच. "ऑपरेशन मेरा आधा काम है, आधा आपका," म्हणाले. असं वाक्य सगळेच डॉक्टर म्हणत असावेत, पण यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं निघालं.

निर्णयाला सगळ्यात जास्त मदत झाली ती त्यांच्या हँड थेरपिस्टनं सुचवलेल्या एका उपायाची. तिनं गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची छोटी पट्टी तर्जनीवर साधारण चाळीस अंशांत बसवून दिली आणि म्हणाली, ताई, समजा हे बोट जखडलंच आहे, आता आठ-दहा दिवस जगून बघा. ती मूळची उज्जैनची, मराठी घरातली, त्यामुळे तिच्याशी नीट बोलता यायचं. मग तशीच पट्टी अनामिकेवर, थोड्या जास्त कोनात. दोन्ही मिळून हजारेक रुपये लागले. एवढे उपयोगी हजार रुपये मी या सगळ्या खटाटोपात दुसऱ्या कशावर घातले नाहीत.

तर्जनी बांधलेली असताना पहिला दिवस वैतागाचा, मग सवय झाली. सही तर चक्क सुधारली, कारण पेन डगमगत नव्हतं. त्यातच ७ सप्टेंबरला गणपती आले. उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या तशाच, पट्टीनिशी काढल्या. जरा जाड आल्या, पण आल्या, आणि दुखलं नाही. अनामिका बांधल्यावर मात्र पोळी लाटता येईना. लाटणं तळहातात फिरायचं. ॲक्टिव्हाची मूठ धरवेना, ती चालवायचं सोडलंच. दोन दिवसांत ती पट्टी काढून ठेवली. म्हणजे डॉक्टर जे तोंडानं सांगत होते ते हाताला पटलं. अनामिका जखडणं बाद. राहिले दोनच मार्ग: सिलिकॉन, किंवा आहे तसं सोसणं.

दुसरं मत घ्यायला मुंबईला गेले. हाताच्या कामासाठी कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचं नाव सगळे घेतात, पण तिथे राहायचं कुणाकडे? बोरिवलीला बहीण आहे. इंदुरातून संध्याकाळी निघालेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी बोरिवलीला सोडते. एक्स-रेच्या फिल्म सोबत न्या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. मला दीड तास थांबून पुन्हा काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त ते तळव्याच्या बाजूनं सांधा उघडणार होते, इंदूरचे मागच्या बाजूनं. मागून गेलं की बोट सरळ करणारी स्नायूची पातळ दोरी बाजूला करावी लागते, तिला नंतर जपावं लागतं. पुढून गेलं तर हालचाल लवकर सुरू करता येते. दोघांचे हात ज्या वाटेवर बसले आहेत ती त्यांची वाट, असं मी त्यातून घेतलं. मी विचारलं, थांबले तर? ते म्हणाले, थांबा की, हे काही तातडीचं नाही. फक्त बोट बाजूला तिरकं व्हायला लागलं किंवा हाड फार झिजलं तर पुढे काम अवघड होतं, म्हणून दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढत जा. "थांबा की" ऐकून मला फार हलकं वाटलं. घाई नाही म्हटल्यावर विचार सरळ होतो.

घरात दोन पक्ष पडले. पुण्याची मुलगी विरोधात: आई, एवढ्याशा बोटासाठी इन्फेक्शनचा धोका कशाला? हे बाजूनं, पण त्यात त्यांचाही स्वार्थ. रात्री कूस बदलताना मी कण्हत होते ते त्यांच्या झोपेवर येत होतं. वहिनी म्हणाल्या, मेथ्या आणि सुंठ घे. तेही घेतलं. मी स्वतः वही उघडून बघितली. मुठीच्या कामांपैकी निम्मी दुसऱ्यांकडे गेली होती आणि उरलेल्यांत रोज दुखत होतं. अनामिकेतल्या इंजेक्शनचा परिणाम दुसऱ्या खेपेला महिनाही टिकला नव्हता. ऑक्टोबरअखेर ठरवलं, अनामिका करायची. तर्जनी आत्ता नाही. दोन्ही एकत्र केली असती तर एका भुलीत उरकलं असतं, मुंबईच्या डॉक्टरांचं तेच मत होतं. पण तर्जनीच्या सांध्यात एक इंजेक्शन नुकतंच लागू पडलं होतं, आणि कायमचं जखडायची गोष्ट मला दुखत नसताना करवेना.

मग पैसे. इंदूरच्या हॉस्पिटलचा अंदाज सव्वा लाखाचा, मुंबईचा जवळपास दुप्पट. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये कमाल मर्यादा घातली, पण ती गुडघ्यांपुरती. बोटाच्या सिलिकॉनचे आम्हाला सांगितले पस्तीस हजारांच्या आसपास. आमच्या मेडिक्लेममध्ये सांधेबदलाला तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ होता, तो दिवाळीच्या सुमारास संपत होता. तारीख ठरवण्याआधी आपल्या पॉलिसीतलं हे कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कॅशलेसचा अर्ज हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याची कामं बघणाऱ्या खिडकीवरून गेला आणि प्रश्न आला. केस पेपरवर कुणीतरी "चार-पाँच साल से दर्द" लिहून ठेवलं होतं. पॉलिसी तीन वर्षांची, दुखणं पाच वर्षांचं, म्हणजे आधीपासूनचा आजार लपवला असा अर्थ निघतो. नशिबानं माझी सवय कागद जपायची. २०२२ च्या ऑगस्टमधली पहिली चिठ्ठी, त्याच महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं फाइलला होतं. डॉक्टरांनी लेटरहेडवर दुरुस्ती लिहून सही-शिक्का दिला, चार दिवसांनी मंजुरी आली. तुमच्यासमोर केस पेपर लिहिला जात असेल तर दुखणं कधीपासून आहे हे अंदाजानं सांगू नका, आणि काय लिहिलं ते वाचून घ्या.

खोलीचंही तसंच. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही त्यावरची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत; डॉक्टरांची फी, ओटीचं बिल, यांतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. आम्ही डबल शेअरिंग घेतली. शेजारच्या बाई सेव-परमलचा डबा घेऊन आल्या होत्या, त्यामुळे वेळ बरा गेला.

तारीख मुद्दाम संक्रांतीनंतरची घेतली. तिळगूळ वळून झाला, हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच दिला होता. त्याआधी केलेली तयारी सांगते, ती उपयोगी पडेल. मोबाइलचं लॉक डाव्या अंगठ्यावर घेतलं. पेन्शनच्या खात्यात ह्यांचं नाव होतंच, ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना आहे ना ते तपासलं. ते नसेल तर सही करता न येणाऱ्याला बँकेत अंगठा उठवता येतो, पण दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. दात दाखवून आले, कारण तोंडात पू असताना शरीरात परकी वस्तू बसवत नाहीत. समोरून हुकाचे ब्लाउज बाजूला ठेवून ढगळ, पुढून उघडणारे कुडते काढले. डाव्या हातानं जेवायचा सराव केला. वरण-भात जमतो, पोळी तोडता येत नाही.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. आदल्या दिवशी रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची तपासणी. सलाइनची सुई डाव्या हाताला लावायला सांगा. डॉक्टरांनी स्वतः येऊन बोटावर मार्करनं खूण केली. पूर्ण भूल नव्हती. सोनोग्राफीवर बघून गळ्याच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. मी जागी होते, पडद्यापलीकडे कुणीतरी क्रिकेटवर बोलत होतं. हात रात्री उशिरापर्यंत दगड होता आणि उतरायला लागला तेव्हा दुखलं, चांगलंच. बधिरपणा जायच्या आतच दुखीची गोळी घ्या, नर्सची वाट बघू नका. एक रात्र ठेवलं. एकूण बिल एक लाख छत्तीस हजारांच्या घरात गेलं, विम्यानं सतरा हजारांच्या आसपास कापले, बहुतेक हातमोजे, ड्रेसिंग, स्प्लिंट (बोटाला आधार देणारी कडक पट्टी) अशा गोष्टींचे. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर बिलाला लावलेलं आहे का ते डिस्चार्जआधी बघा. विमावाले ते मागतातच, आणि दुसरं स्टिकर आपल्या फाइलला हवं.

नंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा जड. हात छातीच्या वर ठेवायचा, झोपतानासुद्धा उशांच्या चळतीवर. चौथ्या दिवशी मोठं बँडेज निघालं आणि स्प्लिंट आली. टाके दोन आठवड्यांनी. दिवसा दर तासाला थेरपिस्टनं आखून दिलेल्या मर्यादेत बोट हलवायचं, शेजारच्या मधल्या बोटाला पट्टीनं जोडून, म्हणजे ते बाजूला कलंडत नाही. रात्री स्प्लिंट. तिसऱ्या आठवड्यात मी पार खचले. बोट सुजून जाडजूड, जांभळं, जेमतेम वीस अंश हलत होतं. हेच करायचं होतं तर आधीचं काय वाईट होतं, असं ह्यांना म्हटल्याचं आठवतं. ते काही बोलले नाहीत, चहा केला. थेरपिस्ट म्हणाली, ताई, तिसऱ्या आठवड्यात सगळेच हे म्हणतात, सहाव्यात विचारा. पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचा खर्च धरतात, त्यात तिच्या फीची बिलं बसली, त्यानंतरची खिशातून.

सहा आठवड्यांनी कप उचलला. तीन महिन्यांनी लाटणं. ॲक्टिव्हा मेच्या शेवटी, आणि तीही कॉलनीतल्या कॉलनीत. सूज जायला सहा महिने लागले, पेर अजूनही डाव्यापेक्षा जाड आहे, अंगठी त्यात जाणार नाही. आधी बोट पंधरापासून पंचेचाळीस अंशांपर्यंत हलत होतं, ऑगस्टमधल्या मोजणीत दहापासून साठपर्यंत. पूर्ण मूठ होत नाही. टोक तळव्यापासून बोटभर लांब राहतं. पण दाबलं तर दुखत नाही, आणि रात्री दुखत नाही. भरलेली बादली उचलत नाही, उचलणारही नाही. मुलगी आता म्हणते, बरं झालं केलंस. वहिनींच्या मते मेथ्यांचा गुण.

तर्जनीचं ठरलेलं नाही. इंजेक्शन उन्हाळाभर टिकलं, पावसाळ्यात पुन्हा ठणका सुरू झाला. लिहिताना ती जुनी पट्टी चढवते, सही नीट येते. नवा नमुना बँकेनं घेतला. पट्टी काढून ठेवता येते आणि जखडलेला सांधा पुन्हा सोडवता येत नाही, म्हणून जोवर पट्टीवर भागतं आहे तोवर भागवायचं असं मी धरलं आहे. डॉक्टरांना त्यात काही गैर वाटत नाही. पुढचा एक्स-रे जानेवारीत आहे. करायचं ठरलंच तर त्यांच्याचकडे, पण या खेपेला होळीनंतरची तारीख घेईन. इंदूरच्या थंडीत ताजे टाके फार ओढतात.